कानांची सुट्टी

नाना फासे यांनी स्वतःविरुद्ध संप पुकारला, तेव्हा आम्हाला माधवनगरात बिऱ्हाड करून पंधरवडासुद्धा झाला नव्हता.

सकाळी मी तोंड धुवायला ओट्यावर आलो, तर शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात उंच, वाळके, पिकल्या मिशांचे नाना हाताची घडी घालून बसलेले. आतली चूल थंडगार. शेजारधर्म म्हणून मी विचारलं, "काय नाना, आज चहा नाही वाटतं?"

"चुलीचा संप हाय!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझ्या हातातला तांब्या हिंदकळला.

"संप? कुणाचा?"

"माजा. ऐतवारची सुट्टी द्यायचं कबूल केलं हुतं. दिली न्हाई. वर भाकऱ्या थापून घेटल्या. आता मागनी मान्य झाल्याबिगर चूल पेटायची न्हाई."

"पण मागणी केलीत कुणाकडे?"

"मालकाकडं."

"मालक कोण?"

"मीच की!" माझ्या अज्ञानाची त्यांना कीव आली असावी.

हळूहळू उलगडा झाला. नानांची बायको फार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही, रहिमतपूरला भाऊ-भावजय होते पण येणंजाणं नावापुरतं. एकट्या माणसानं घर कसं चालवावं याचे प्रत्येकाचे आपापले प्रकार असतात. नानांनी घरात स्वतःचे दोन भाग केले होते. एक मालक नाना, दुसरे कामगार नाना. कामगार नाना भाकरी थापत, लुगडं नव्हे पण धोतर धूत, आणि मालक नाना त्यात चुका काढत. भाकरी करपली तर दंड होई, म्हणजे त्या दिवशी विडी बंद. उलट मालकानं जास्त राबवून घेतलं तर संप. संप साधारण संध्याकाळपर्यंत टिके. मग माझी बायको वाटीभर आमटी आणि दोन भाकऱ्या घेऊन मध्यस्थीला जाई. पहिला घास घेऊन नाना जाहीर करत, "मालकानं पडतं घेटलं बगा, वैनी."

"एवढा मोठा माणूस," ही मला म्हणे, "त्याला सरळ भूक लागली म्हणून सांगता येत नाही?"

नाना माधवनगरच्या कापडगिरणीत विणकरी, आणि मी तिथंच टाइमकीपर होतो. म्हणजे भोंगा वाजला की फाटकाशेजारच्या खिडकीत बसून कोण आलं, कोण नाही ते बघायचं. लढाईचे दिवस होते. पलटणीसाठी खाकी कापडाची मागणी एवढी, की इंजिनाला उसंत नव्हती, मग माणसांना कुठली असणार? त्यातून आमचं गाव संस्थानी. खालसा, म्हणजे इंग्रजी, मुलखात गिरण्यांसाठी कायदे होते म्हणे, पण ते आमच्या शिवेपाशी येऊन थांबत. कायदा नसलेल्या ठिकाणी नानांसारखा कायदेबाज माणूस निपजावा हा योगायोग नव्हे. आमच्याकडे ती जागा रिकामीच होती.

"ह्ये कुठल्या नेमात बसतंय?" हा त्यांचा लाडका सवाल. नेम म्हणजे नियम. न्हाव्यानं डोई अर्धी भादरून दुसरं गिऱ्हाईक घेतलं, की नाना अर्ध्या डोईनं उठून उभे, "ह्ये कुठल्या नेमात बसतंय रं?" एका लग्नात मुहूर्त टळला. भटजी मंगलाष्टकं लांबवत होते आणि नाना मुठीत अक्षता धरून उभे होते. पंगतीत त्यांनी वाढप्याला थांबवलं. "ठरल्या वक्तापरास जादा उबं केलंय आमाला. जादा काम झालं. दोन जिलब्या वाढव." वाढप्यानं मुकाट्यानं वाढल्या. पोरीच्या बापानंही हात जोडले.

पण एक सांगतो. त्यांचा नेम दुधारी होता. एकदा पावसापाण्यानं नानांना उशीर झाला. भोंगा होऊन गेलेला. म्हातारा माणूस, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. तर त्यांनी माझ्या खिडकीवर थाप मारली.

"भाऊसाब, मला उशीर झालाय. मांडा."

"असू दे हो नाना, एवढ्यातेवढ्याला काय..."

"आसू दे कसं? उद्या मालकानं सुटीचा भोंगा उशिरा वाजवला, तर मी आसू दे म्हननार न्हाई. मग तुमी का म्हनता?"

मी मांडला. संध्याकाळी ते माझे आभार मानायला आले, आणि आभार मानून झाल्यावर दंड जास्त कापला म्हणून माझ्याशी घरापर्यंत भांडत आले. आपल्या रांगेतल्या विणकऱ्यांनाही ते सोडत नसत. कुणाच्या कापडाच्या ठाणात गाठ दिसली की म्हणत, "तोंड वर करून हक्क मागायचा तर खाली कापड धड पायजे गड्या. न्हाईतर मालक कापडच दाखवंल आन् आपली वाचा बसंल."

आता वाचेचा विषय निघालाच आहे, तर विणाई खात्याविषयी सांगितलं पाहिजे. त्या खात्यात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा कानावर कुणी लोखंडी पत्रे आपटतंय असं वाटलं. शेकडो माग एकाच वेळी खडखडत होते. तिथं गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून विणकरी ओरडतच नाहीत. ते आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठ वाचतो. अख्ख्या खात्याच्या गप्पा, भांडणं, सोयरिकी, चहाड्या, सगळं ओठांवर चालतं. नवख्याला वाटावं, माणसं मनातल्या मनात जेवतायत. बाहेर आल्यावर मात्र त्यांचा आवाज ताब्यात राहत नाही. म्हणूनच नाना "बरं हाय का" हेसुद्धा शेतातली पाखरं हाकलावीत तसं विचारत.

या ओठांच्या बोलीतला राजा म्हणजे हुसेनभाई. नानांच्या समोरच्या मागावर ते कितीतरी वर्षं उभे होते. गोल चेहरा, मेंदी लावलेली दाढी, बुधगावच्या बाजूला घर. नकला कराव्यात त्यांनीच. मॅनेजर कसे चालतात, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा तपकीर ओढतो, सगळं हुबेहूब. मी कधी कामानिमित्त आत गेलो तर पूर्ण रांग पोट धरून हसताना दिसे, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. नाना तर हसताहसता मागावरच ओणवे होत.

फाटकाबाहेर मात्र हे हुसेनभाई खाली मान घालून, कुणाशी न बोलता तरातरा निघून जात. काही लोक म्हणत शिष्ट आहे, काही म्हणत धार्मिक आहे. खरी गोष्ट वेगळी होती. हुसेनभाई बोलताना अडखळत. पहिलं अक्षर ओठांवर आलं की तिथंच खिळून राही, मान झटके घेई, डोळ्यांत पाणी येई, तरी शब्द सुटत नसे. दुकानात ते बोटानं दाखवून जिन्नस घेत. पण ओठांच्या बोलीला आवाज लागत नाही, आणि आवाज लागत नसला की हुसेनभाई अडखळत नसत. त्या खडखडाटात त्यांची जीभ मोकळी होती. हे मला कळलं ते एकदा त्यांच्या रजेच्या चौकशीच्या वेळी. ते खिडकीशी उभे, मी बाहेरच्या शांततेत विचारतोय, आणि ते घामाघूम. शेवटी नाना मागून आले आणि म्हणाले, "त्याच्या भैनीचं लगीन हाय मिरजंला. त्यो सांगत हुता तुमास्नी, तुमी बगितलंच न्हाई."

मोठा लढा सुरू झाला तो औंधच्या यमाईमुळे.

नाना दरवर्षी देवीला जात. त्या वर्षी डोंगर चढून वर पोचले तर ऐन दुपार. दार लागलेलं. गुरव म्हणाला, देवी विश्रांती घेतेय, थांबा. बाकीचे यात्रेकरू कुरकुरले. एकटे नाना पायरीवर बसून खूश झाले. परत आले ते माझ्या ओट्यावरच.

"भाऊसाब, देवीला दुपारची सुट्टी हाय! दार लावून पडती. तवा कुनी तिचा निवद कापतंय का? आन् आमी मागाफुडं उबं ऱ्हाऊन भाकरी खायाची. ह्ये कुठल्या नेमात बसतंय?"

आणि ते खरंच होतं. जेवणाची सुट्टी अशी आमच्या गिरणीत नव्हतीच. मजुरी कापडाच्या वारावर. माग थांबला की मजुरी थांबली. त्यामुळे विणकरी एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हातानं तुटलेलं सूत जोडत. हवेत कापसाचा भुगा उडत असे, त्यामुळे भाकरीवर तूप नसलं तरी तूस असे.

नाना मॅनेजरांकडे गेले. मॅनेजर म्हणाले, "असला कायदा खालसातला. आपल्या हद्दीत नाही."

"मग साहेब, भूक कुठल्या हद्दीतली?"

मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण हुशार होता. त्यानं तोड काढली, की आळीपाळीनं जाऊन खा, माग चालू राहू देत. बरेच जण तयार झाले. नाना अडून बसले. "इंजिन बंद झालं पायजे. इंजिन चालू आसलं की जॉबर हाक मारनार, आन् समद्यात आदी आपलंच मन मागाकडं वडनार. इंजिन थांबंल तवाच मानूस बसंल."

"फासे," मॅनेजर म्हणाले, "तुमचं हे इंजिन-इंजिन बंद झालं नाही, तर मला तुमचा माग दुसऱ्याला द्यावा लागेल."

त्या दिवशी घरी संप झाला नाही. मालक आणि कामगार दोघेही गप्प बसले होते. मागाशिवाय त्या माणसाला काय होतं? मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हटलं, मिळतंय ते घ्यावं की. तसं बोलूनही दाखवलं. नाना म्हणाले, "भाऊसाब, आर्दी सुट्टी म्हंजे आर्दी हजामत."

शेवटी सांगलीहून गिरणीचे मालक आले. मॅनेजरांच्या खोलीला नुकतीच मोठी काच बसवली होती. आतून सगळं दिसावं, पण बाहेरचा खडखडाट आत येऊ नये, अशी. मॅनेजरांना तिचा फार अभिमान. मालक आणि मॅनेजर आत बोलत बसले. बाहेर व्हरांड्यात नाना, हुसेनभाई आणि आणखी दोघेतिघे बोलावण्याची वाट बघत उभे. मी माझ्या खिडकीतून बघत होतो. हुसेनभाई काचेकडे तोंड करून शांतपणे दाढी कुरवाळत होते. मधूनच मान वळवून नानांकडे बघत, ओठ हलवत, पुन्हा काचेकडे. मला वाटलं, दुवा मागतायत.

मंडळींना आत बोलावलं. मलाही, हजेरीची माहिती द्यायला. मालक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मागणी मोठी आहे. विचार करायला आठ दिवस तरी लागतील."

नाना म्हणाले, "आवं मालक, विचार तर झाला की तुमचा! तुमी आत्ताच ह्यास्नी म्हनला, आर्दा तास इंजिनाला बी दम खाऊ द्या, तेल वाचंल, कापड बी सुदारंल. पर लगीच देऊ नगा, आठ दिस ताना."

मॅनेजरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे. मालक खुर्चीत पुढं सरकले. "हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! मोठ्यानं बोलला न्हाईसा, एवढंच."

मग मालकांची नजर काचेकडे गेली, काचेवरून हुसेनभाईंच्या निर्विकार चेहऱ्याकडे गेली, आणि ते एकदम खो खो हसत सुटले. पुढच्या सोमवारपासून दुपारी अर्धा तास इंजिन बंद ठेवायचं आणि वाराच्या दरात थोडी वाढ द्यायची, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी काचेला पडदा लावला.

सोमवारी दुपारी इंजिन थांबलं. तो क्षण मी विसरणार नाही. एवढी शांतता आम्ही कुणीच तिथं ऐकली नव्हती. छपरात चिमण्या आहेत हे त्या दिवशी कळलं. माणसं नांदुर्कीच्या झाडाखाली येऊन बसली, सवयीनं एकमेकांवर ओरडली, आपल्याच ओरडण्याला हसली, मग हळूहळू आवाज खाली आले. फडकी सुटली. ठेचा, कांदा, झुणका इकडून तिकडे फिरू लागला. नाना मध्यभागी लग्नातल्या नवरदेवासारखे बसले होते.

कुणीतरी म्हणालं, "हुसेनभाई, मालकाचं त्वांड कसं झालं हुतं, ती नक्कल करा की!"

सगळे वळले. हुसेनभाईंनी खुशीत तोंड उघडलं. आणि पहिलं अक्षर अडकलं. मान झटके घेऊ लागली. एकदोघे हसले. दुष्टपणानं नव्हे, त्यांना तो नकलेचाच भाग वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसणं थांबलं, ते जास्तच वाईट झालं. हुसेनभाई कसंनुसं हसले. भाकरी फडक्यात गुंडाळली, पाणी पिऊन येतो अशी खूण केली, आणि कापसाच्या गठ्ठ्यांमागे गेले. भोंगा होईपर्यंत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तर ते सरळ तिकडेच गेले. ज्या सुट्टीसाठी त्यांनी काच वाचली, त्या सुट्टीतच त्यांना तोंड उघडण्याची चोरी झाली.

नानांच्या हातातला घास हातातच राहिला होता, एवढं मला खिडकीतून दिसलं.

तिसऱ्या दिवशी नानांनी नवा हक्क काढला.

"दिसभर राबतंय कोन?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "हात राबत्यात, पाय राबत्यात. सुट्टीत हातापायाला इसावा मिळाला. आन् कान? सकाळधरनं खडखडाट सोसत्यात, वर सुट्टीत तुमची कलकल. कानाला बी सुट्टी पायजे. आजपासनं सुट्टीत कुनी आवाज काढायचा न्हाई. बोलायचं त्ये ओठानं."

"नाना, आता ह्ये कुठल्या नेमात बसतंय?" एकानं डोक्याला हात लावला.

नानांनी नुसते ओठ हलवले. कुणी मोठ्यानं काही विचारलं की ते कानाकडे बोट दाखवत, सुट्टीवर आहे म्हणून, आणि उत्तरच देत नसत. नानांच्या विक्षिप्तपणात आणखी एकाची भर, असं म्हणून लोकांनी मान्य केलं. तसं त्यांना जड काहीच नव्हतं.

मी मात्र फसलो. पुढं एकदा दुपारी खिडकीत बसलो होतो, तर झाडाखालून चिटपाखराचाही आवाज येईना. मला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय, नाहीतर पुन्हा संप. चपला न घालताच धावलो. बघतो तर सगळी माणसं गोल बसलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, एकजण तर मातीत लोळतोय, आणि आवाज म्हणाल तर भाकरीसोबतचा कांदा फोडल्याचा. मधोमध हुसेनभाई उभे. कमरेवर हात, मान तिरकी, टेबलाखाली वाकून बघणारे मॅनेजर. मग मालक. मग मी! माझी खिडकीतली बसण्याची ढब त्यांनी अशी काय उभी केली, की मला हसावं की रागवावं कळेना. समोर नाना मांडीवर थापा मारत हसत होते. पण बघत होते ते हुसेनभाईंकडे नव्हे. सगळे हसतायत ना, हे बघत होते.

भोंगा होताच मात्र त्यांनी सगळ्यांना शेरडांसारखं आत हाकललं. सुट्टी हक्काची, तसं उठणंही हक्काचं, हे वर ऐकवलं.

संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "नाना, ती कानांची सुट्टी कानांसाठी नाहीये. तुम्ही ती हुसेनभाईंसाठी काढलीत."

"काय तरीच!" ते ओरडले. "कानाचा हक्क हाय त्यो. दोन कान हायती म्हंजे दोन कामगार झालं!"

"मला नका सांगू. चांगलं केलंत म्हणून म्हणतोय."

नानांनी विडी विझवली. आमच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता, तिकडे त्यांनी एकदा बघितलं. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी ओठ हलवले. आवाज काढला नाही. एवढ्या महिन्यांत मला थोडं थोडं वाचता यायला लागलं होतं, ते त्यांना ठाऊक असावं.

"त्यो गप बसला, तर दिसभर माज्यासंगं कोन बोलनार हाय, भाऊसाब?"

मला ते स्पष्ट वाचता आलं.